कॅप्टनचं ‘यू’

तोंडावर त्याला आम्ही सगळे अहो कॅप्टन म्हणायचो. वहीत मी त्याला अरे-तुरे करणार आहे. वही माझी आहे आणि ती पिठाच्या डब्यामागे असते, तिथे कुणी हात घालत नाही.

तो बुधवारी आणि शनिवारी सकाळी यायचा. मोटारसायकल फाटकाशी लावायचा आणि आत येण्याआधी शिटी वाजवायचा. फाटक सताड उघडं असलं तरी वाजवायचा. शिटी लाल दोरीने गळ्यात, पायात मिलिटरीच्या रंगाची विजार, कमरेला एक पिशवी आणि पिशवीत बिस्किटं. कुत्र्याने सांगितलेलं ऐकलं की त्याला बक्षीस द्यायचं, म्हणून ती बिस्किटं. मी दोन महिने बघितलं, निम्म्याच्या वर त्यानेच खाल्ली. त्यालाही त्याच्याकडे शास्त्र होतं. कळपात पुढारी आधी खातो, बाकीचे मागून, असं तो म्हणायचा. म्हणून पिल्लासमोर उकिडवा बसून, त्याच्यावर डोळे रोखून, तो एकेक बिस्कीट सावकाश चावायचा. पिल्लू मान वाकडी करून बघत बसायचं. एवढा मोठा माणूस एवढ्याशा जिवाला आपण पुढारी आहोत हे पटवतोय, हे बघताना मला चहाचा ट्रे धरून उभं राहणं अवघड व्हायचं.

पिल्लू सुमनताईंचं. ताई पुण्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. पालीच्या खालच्या अंगाला, राजगड समोर दिसतो अशा जागी त्यांनी घर बांधलं आणि एकट्याच राहायला आल्या. मी त्यांच्याकडे सकाळी जाते, स्वयंपाक आणि वरकाम करते, संध्याकाळी घरी येते. आमच्या गोठ्यात कुत्री व्याली होती. त्यातलं एक तांबूस पिल्लू, मादी, ताईंनी मागून नेलं. नाव ठेवलं ब्राउनी. दोन महिन्यांची झाल्यावर तिला वेल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन पहिलं इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाईंनी कार्ड दिलं, त्यावर चौकोन होते. पहिल्या चौकोनात सही झाली. दुसऱ्या चौकोनाची तारीख त्यांनी पेनाने लिहून दिली. मी ते कार्ड स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं.

मग ताईंना कुणीतरी सांगितलं की वरव्याच्या बाजूला एक कॅप्टन आहेत, कुत्र्यांना शिस्त लावतात, पुण्याच्या लोकांच्या सगळ्या फार्महाउसवर तेच जातात.

कॅप्टन कसला ते कुणालाच कळलं नाही. शेजारच्या प्लॉटवर एक खरे मिलिटरीतले आजोबा राहतात. त्यांनी एकदा कुंपणावरून विचारलं, कुठल्या पलटणीत होता. तो म्हणाला, ते सांगायची परवानगी नसते. आजोबा हसले आणि आत गेले. त्यानंतर तो त्या कुंपणाच्या बाजूला कधी शिकवायला उभा राहिला नाही.

पहिल्याच दिवशी त्याने ब्राउनीला उचलून उलटसुलट बघितलं, दुकानात भोपळा बघावा तसं. म्हणाला, “ब्रीड गावठी आहे, ताई. पण काळजी करू नका, आपण हिला इंग्लिश मीडियम करू.”

ताई हसल्या. मीही आत हसले. पण तो विनोद करत नव्हता. त्याचं खरंच म्हणणं होतं की कुत्र्याला मराठी कळत नाही. मराठीत शब्द लांब असतात, कुत्र्याचा मेंदू छोटा असतो. सीट, स्टे, कम, नो. एक शब्द, एक काम. मराठीत बोललं की कुत्रं लाडावतं.

आता जे झालं ते लिहायचं म्हणून मी खरं तर वही उघडली.

आमच्याकडे कुत्र्याला बोलवायचं तर यू यू म्हणतात. ओठांचा चंबू करून, थोडं लांबवून, यूऽ यूऽ. ते कुणी कुणाला शिकवत नाही. ब्राउनीचे डोळे उघडायच्या आधीपासून मी तिच्या आईला यू यू करून भाकरी घालत होते. डोळे उघडल्यावर तिने पहिला शब्द ऐकला असेल तर तोच. यू म्हटलं की जायचं, तिथे खायला असतं, पोटाखाली खाजवणारा हात असतो.

त्याच पहिल्या दिवशी कॅप्टन ओसरीवर बसला होता. ब्राउनीने त्याच्या सँडलचा पट्टा तोंडात धरला. त्याने बोट रोखलं आणि ओरडला, “यू! यू बॅड गर्ल!”

तिने पट्टा सोडला आणि शेपटीसकट सगळं मागचं अंग हलवत त्याच्याकडे धावली.

तो म्हणाला, ही निगरगट्ट आहे. त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी तिच्या नाकावर मारली. ती केकाटून मागे गेली. तो परत म्हणाला, “यू!” ती परत आली. परत गुंडाळी. तिसऱ्यांदा ती पोटावर सरपटत आली, कान पाडून, डोळे मिटून. पण आली. कारण बोलावलं होतं.

“बघा ताई,” तो म्हणाला. “याला सबमिशन म्हणतात. आता तिला कळलं मालक कोण.”

मी दारात ट्रे घेऊन उभी होते. मला पहिल्या फटक्यालाच कळलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, अहो, तुम्ही तिला बोलावताय आणि मारताय. एक वाक्य. चहावर साय धरली तरी ते माझ्या तोंडातून निघालं नाही. ताईंच्या घरी आलेल्या माणसांशी मी बोलत नसे. आणि यू यू हा शब्द मी माणसांसमोर कधी उच्चारलाच नव्हता, तो फक्त जनावरांसमोरचा. सगळे हसतील असं वाटलं.

त्याने मला कधी नाव विचारलं नाही. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा, पण मला मावशी म्हणायचा. “मावशी, चहा. मावशी, हिला भाकरी देऊ नका, भाकरीने कुत्रं गावठी राहतं.” ब्राउनीला खायला पाकिटातल्या गोळ्या. त्या गोळ्या ती एकेक उचलून पायपुसण्याखाली ठेवायची.

तिने घरात मुतलं की तो तिचं नाक त्यात घासायचा. म्हणायचा, वास डोक्यात बसला पाहिजे. मुतलेलं असायचं पहाटेचं आणि नाक घासायचा हा दहा वाजता. पिल्लाला काय कळणार, की ही शिक्षा कशाची. मी दुसरं करायचे. पिल्लू झोपून उठलं की आणि खाऊन झालं की लगेच उचलून मागच्या करंजाखाली ठेवायचं, रोज त्याच जागी, आणि झालं की पाठीवरून हात फिरवायचा. आमच्या घरी कोकरांनासुद्धा याहून जास्त काही शिकवत नाहीत. दोन आठवड्यांत ती आपली आपण दारापाशी जाऊन कुईकुई करायला लागली. कॅप्टनने बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. “तीन आठवड्यांचा धडा, ताई. माझ्या पद्धतीने दोन आठवड्यांत.” ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. पण त्याही भिडस्त. त्यांनी त्याला अजून एक लाडू दिला.

एका गोष्टीने मात्र मी गोंधळले होते. तीही लिहिली पाहिजे.

एका बुधवारी ताई नसरापूरला गेल्या होत्या. मी मागे कपडे धूत होते. शिटीचा आवाज नाही, इंग्रजी नाही, म्हणून मी कोपऱ्यावरून डोकावले. तो ओसरीच्या पायरीवर बसला होता, ब्राउनी मांडीत उताणी. शेजारी वाटीत साबणाचं पाणी. तो तिच्या कानातले गोचीड काढत होता. दोन नखं अगदी कातडीला भिडवून, न पिळता, सरळ वर. तोंडासकट गोचीड निघत होता आणि वाटीत पडत होता. एकदाही रक्त आलं नाही. मग पायाच्या बोटांच्या बेचक्या फाकवून बघितल्या, शेपटीच्या मुळाशी बघितलं. असं ज्याने लहानपणी शंभरदा केलंय त्यालाच येतं. आणि तो हळू आवाजात तिच्याशी बोलत होता. “थांब गं बाय, थांब. ह्यो बग, ह्यो गेला. लई ग्वाड हायेस तू.” ती झोपली होती.

मला वाटलं, आपण या माणसाला उगीच बोल लावतो.

तेवढ्यात ताईंची गाडी फाटकात वाजली. त्याने पिल्लू मांडीवरून खाली ठेवलं, हात विजारीला पुसले आणि ताठ उभा राहिला. “ब्राउनी, सीट.” ती झोपेतून उठली होती, तिला काही कळेना, ती जांभई देत तिथेच फिरली. ताई गाडीतून उतरून बघत होत्या. तो म्हणाला, “यू!” आणि ती त्याच्या पायाशी आली. त्याच हाताने त्याने तिला मारलं.

ज्याला येत नाही त्याचा मला राग येत नाही. मला तरी काय येतं. पण त्या दिवशी माझ्या मनातून तो जो उतरला तो उतरलाच.

हळूहळू ब्राउनीचं गणित पक्कं झालं. बोलावलं की मार. मग मी भाकरी दाखवून यू यू केलं तरी ती चार पावलांवर थांबायची आणि जमिनीला चिकटून बसायची. पुढे आणखी लांब जायला लागली. ताई म्हणायच्या, मोठी होतेय, हट्टी झालीय. दुसऱ्या इंजेक्शनची तारीख आली तेव्हा मी कार्ड काढून ताईंपुढे ठेवलं. ताईंनी फोन करून कॅप्टनला विचारलं. तो म्हणाला, एवढ्यात नको, इंजेक्शनने पिल्लू मऊ पडतं, शिकवलेलं विसरतं, कोर्स संपला की सगळी एकदम देऊ. कार्ड परत खिळ्याला गेलं. दुसरा चौकोन कोराच राहिला.

एका शनिवारी सकाळी मी गेले तर ओसरीवर पाण्यासारखी घाण पडलेली, तांबडी, आणि तिला असा वास की मी पदर नाकाला लावला. शेजारी ओकारी. ब्राउनी कुठेच नव्हती. ताईंनी वेल्ह्याला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा पार्व्हो दिसतोय, त्या इंजेक्शनांनी टळतो तोच रोग, रक्त पडतंय म्हणजे अंगातलं पाणी झपाट्याने जातंय, आत्ताच्या आत्ता आणा, दुपारपर्यंत थांबलात तर माझ्या हातात काही राहणार नाही.

आणायचं तर खरं, पण आधी सापडायला हवी. आजारी जनावर आडोसा धरतं. आम्ही दोघी घराभोवती फिरलो. ताई ब्राउनी, ब्राउनी करत होत्या. मी यू यू करत होते. मागच्या टाकीशेजारी घर बांधताना उरलेल्या पत्र्यांचा ढीग आहे. माझ्या आवाजावर त्याच्याखाली काहीतरी खरडलं. मी वाकले तर आणखी आत सरकल्याचा आवाज आला. ढीग मोठा, पत्रे एकावर एक, धारेचे. एक ओढला तर बाकीचे तिच्यावर बसले असते.

तेवढ्यात शिटी वाजली. शनिवार होता ना.

ताईंनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, नाटक करतेय, हळद-दूध द्या, आणि आजारी असो की काही असो, कमांडला आलीच पाहिजे. तो ढिगासमोर पाय फाकवून उभा राहिला. शिटी दोनदा वाजवली आणि ओरडला, “ब्राउनी! यू! कम हिअर!”

आत पत्रा खडखडला. ती अजून खोल गेली होती.

“यू!”

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याच्याशी मी बोललेलं पहिलं वाक्य ते. “शिटी काडा गळ्यातली. आन गप ऱ्हावा.”

तो ताईंकडे बघायला लागला. ताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही.

बोलवायचा शब्द त्याने नासवून ठेवला होता. तिला कशाने हाक मारायची ते मला सुचेना. मग मी स्वयंपाकघरातून परात आणली, ढिगाच्या तोंडाशी फतकल मारून बसले, पाठ तिच्याकडे केली आणि नुसत्या परातीत हाताने भाकरी थापायला लागले. पीठ नाही, काही नाही. थप, थप, थप. रोज दुपारी मी भाकऱ्या थापते तेव्हा ती ओट्याखाली माझ्या पायावर हनुवटी ठेवून पडलेली असायची. कोर्समध्ये नसलेली तेवढी एकच वेळ तिची होती.

ती काही बाहेर आली नाही. तेवढं बळच नव्हतं. पण थोड्या वेळाने आतून आवाज आला. टप. मी हात थांबवला. टप, टप. शेपटी पत्र्यावर आपटत होती. तो आवाज कुठून येतोय तिकडे ताईंनी बोट दाखवलं, त्या बाजूचे तीन पत्रे आम्ही दोघींनी सरळ उचलून बाजूला ठेवले आणि ती दिसली. डोळे खोल गेलेले, हिरड्या पांढऱ्या, मागचे पाय घाणीने भरलेले. मी तिला पदरात घेतलं तरी शेपटी हलतच होती.

“बघा,” मागून कॅप्टन म्हणाला. “याला साउंड सिग्नल म्हणतात. पुढच्या धड्यात घेणारच होतो.”

गाडीत ताईंनी विचारलं, “शालन, तू बोलावलंस तरी ती आत का सरकली गं?” वेल्हं येईपर्यंत मी त्यांना यूचं सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. त्यांनी गाडी एकदम हळू केली. म्हणाल्या, “मग हे तू पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?” मी ब्राउनीचे पाय पदराने पुसत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड हातात घेतलं, कोरा चौकोन बघितला, आणि ते टेबलावर पालथं ठेवलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं. ब्राउनीच्या पायाला सुई लावली. पाच दिवस रोज सकाळी नेऊन सलाईन. ओसरी, पत्रे, तिची भांडी सगळं ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायला सांगितलं, आणि आमच्या गोठ्यातल्या कुत्र्यांना आधी टोचून घ्यायला. चौथ्या दिवशी तिने चमचाभर भाताची पेज चाटली आणि पोटात ठेवली. ताई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या. कॅप्टनला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की आता येऊ नका. तो म्हणाला, पार्व्हो हवेतूनच येतो, त्यात ट्रेनिंगचा दोष नाही.

त्यानंतर मी त्याला एकदाच बघितलं.

माझी बहीण सारोळ्याला असते. तिच्याकडून परत येताना हायवेच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होते. शेजारी चहाची टपरी. बाकावर एक माणूस बसलेला, साधा पायजमा, बनियनवर उघडा शर्ट. शिटी नाही म्हणून मी आधी ओळखलंच नाही. टपरीवाल्याने हाक मारली, “बंडोबा, च्या निवला तुझा.” तेव्हा त्याने मान वळवली आणि तो कॅप्टन निघाला.

रस्त्याकडेला एक म्हातारी कुत्री पडली होती, एका पायाने अधू. त्याने बिस्कीट चहात बुडवलं, ओठांचा चंबू केला आणि हाक मारली. “यूऽ यूऽ. ये गं बाय, ये.”

ती उठली आणि लंगडत आली.

त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. हात तसाच राहिला. मग पाठ ताठ झाली, गळा चाचपला, तिथे शिटी नव्हती. कुत्रीला म्हणाला, “सीट.” तिला काही कळलं नाही. ती त्याच्या गुडघ्याला नाक लावून बिस्कीट शोधायला लागली.

मी जवळ गेले. म्हणाले, “तुमाला ठावं व्हतं, यू म्हंजी काय ते.”

तो म्हणाला, “यू यू करायला मला कोण बोलावतंय, मावशी? ते तर तुमालाबी येतं.”

त्याने ते लाजून म्हटलं नाही. दुखवायलाही नाही. सरळ म्हटलं, धंद्यातली गोष्ट सांगावी तसं. एसटी आली आणि मी चढले.

खिडकीतून बघितलं. त्याने एकदा एसटीकडे बघितलं, एकदा टपरीकडे, आणि मग खाली वाकला. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठांचा चंबू मला दिसला. ती कुत्री मधे कुठेही न थांबता थेट त्याच्या मांडीपर्यंत गेली आणि तिथे डोकं ठेवून उभी राहिली.

आमची ब्राउनी आता धडधाकट आहे. सगळे चौकोन भरले आहेत. पण अजून मी यू यू केलं की ती येते, आणि चार पावलांवर थांबते.